उकंडराव आणि टपालातलं कासव

उकंडरावांच्या आधीची तिन्ही भावंडं पाळण्यातूनच परत गेली होती. म्हणून चौथं लेकरू जन्मल्याबरोबर त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं कचऱ्यात सापडल्यासारखं उचललं आणि आईच्या ओटीत टाकलं. देवाची नजर चुकवायची ही रीत. नाव अर्थातच उकंडा. नजर इतकी बेमालूम चुकली, की पुढं देवानं उकंडाकडं पुन्हा म्हणून पाहिलं नाही.

घर मेंढरांमागं फिरणारं. उकंडा लहान असताना एका ओढ्यात त्याचा पाय मोडला आणि वाकडाच बसला. लंगडं पोरगं मेंढरांच्या मागं काय पळणार? म्हणून त्याला हिंगोलीला आत्याकडं ठेवलं. आत्याच्या घरासमोर मौलवीसाहेबांचा मदरसा होता. मौलवीसाहेबांनी छडी उचलली की बाकीची पोरं पळून जात. उकंडाला पळता येत नसल्यामुळं त्याचं उर्दू फार चांगलं झालं.

पुढं निजाम सरकारला माळसावंगीच्या टपालासाठी माणूस हवा होता. उर्दू लिहिता यावं, मराठी वाचता यावं आणि वसमतच्या वाटेवरच्या त्या एवढ्याशा गावात जन्म काढायची तयारी असावी, अशी अपेक्षा. उर्दू-मराठी येणारे बरेच निघाले. जन्म काढायला तयार असा एकटा उकंडा निघाला. हिंगोलीच्या कारकुनाला सरकारी कागदावर नुसतं ‘उकंडा’ लिहायला जड गेलं, म्हणून त्यानं पुढं ‘राव’ जोडलं. गाव त्यांना मास्तर म्हणू लागलं.

टपालाची जागा म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मेज, शिक्का, तराजू आणि लाखेची कांडी. मागच्या खोलीत चूल आणि बाज. मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं उकंडराव म्हणजे सरकार होते. पलीकडं गेले की कुणीच नव्हते. बायको नर्मदाबाई लग्नानंतर थोड्याच वर्षांत पटकीच्या साथीत गेली. लेकरूबाळ नव्हतं. चुलतभाऊ वर्षातून एकदा मेंढरं घेऊन गावाबाहेरून जात. वाटेवरूनच हाक मारत, “उकंड्या, बरा हाईस का?” आणि उकंडराव उत्तर देईपर्यंत मेंढरं पुढं गेलेली असत. मेंढरं काही उत्तरासाठी थांबत नाहीत.

आता टपालवाल्याला माणसांचा काय तोटा, असं वाटेल. खरंय, निम्म्या गावाची पत्रं तेच वाचून दाखवत आणि तेच लिहून देत. पण घोटाळा त्यातच होता. कुणाचा मुलगा नांदेडच्या गिरणीत लागून दारू प्यायला शिकला, कुणाच्या लेकीला सासरी जाच आहे, कुणाचा भाऊ वाटणी मागतो आहे, हे ज्याचं त्याला उकंडरावांच्या तोंडून कळायचं. त्यांनी एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. तरी पत्र ऐकून झालं की माणूस उठायचा. बिडीसुद्धा बाहेर जाऊन पेटवायचा. ज्याला आपल्या घरातलं सगळंच ठाऊक, त्याच्यापाशी बसून बोलायचं तरी काय? पारावर मंडळी रंगात आलेली असायची आणि उकंडराव लंगडत येताना दिसले की प्रत्येकाला आपापलं पत्र आठवायचं. गप्पा एकदम पाऊसपाण्यावर यायच्या. उकंडराव पाऊसपाण्यावर थोडं बोलायचे आणि परत फिरायचे.

राहता राहिला रामसिंग. वसमतहून टपालाची थैली आणणारा हरकारा. तांड्यावरचा उंच, खडखडीत माणूस. हातात घुंगरांची काठी. तो बोलायचा भरपूर, पण उभ्यानं. थैली टाकली, दुसरी उचलली, की निघाला. त्याचं निम्मं बोलणं वाटेवरच्या बाभळींना ऐकू जायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हा रामसिंग एक दिवस डोक्यावर पार्सल घेऊन आला. पार्सल नेहमीसारखं मेजावर न ठेवता त्यानं हलकेच जमिनीवर ठेवलं आणि मागं सरून उभा राहिला.

“मास्तर, ह्याच्यात कोनी तरी हाय.”

“कोन राहील? वरी पितळी तबक ल्हिवलंय.”

“तबक खाजवत न्हाई मास्तर. वसमत सोडल्यापसून माझ्या डोक्यावर कोनी तरी चालून राहिलं.”

“उन्हानं तसं वाटतं.”

“मला ऊन नवं हाय का?” रामसिंग दुखावून म्हणाला. “ऊन कदी डाव्या पायानं खाजवतं का?”

पार्सल लाकडी पेटीचं, वरून मांजरपाटात शिवलेलं. पाठवणार नरसीचा रखमाजी. घेणार चतुराबाई, किसनराव यांचे घरी, माळसावंगी. मोहोर शाबूत होती, आणि मोहोर फोडायचा अधिकार टपालवाल्याला नाही. उकंडरावांनी पार्सल काखेत घेतलं आणि ते किसनरावांच्या घराकडं निघाले. वाटेत पेटीला आपसूक कूस बदलावीशी वाटली, तेव्हा त्यांनी सरकारी गांभीर्यानं तिकडं दुर्लक्ष केलं.

किसनराव हळदीचे चांगले बागायतदार. मनानं वाईट नव्हते, पण मानाला फार नाजूक. रखमाजी हा त्यांचा मेव्हणा, चतुराबाईंचा भाऊ. त्याच्या थोरल्याच्या लग्नात गर्दी झाली आणि कुणाच्या तरी घाईत किसनराव दुसऱ्या पंगतीला बसले. जावई, आणि दुसऱ्या पंगतीला! त्या दिवसापासून त्या घरी जाणं बंद, येणं बंद, निरोप बंद. चतुराबाईंचं माहेर एका पत्रावळीपायी तुटलं होतं. मधे त्यांचे वडील गेले, तेव्हा नेलं तेवढंच. तेही किसनराव वेशीबाहेर गाडीत बसून राहिले.

“कुनाचं हाय?” किसनरावांनी ओट्यावरूनच विचारलं.

“नरसीहून. रखमाजीकडून.”

“न्हाई घ्यायचं.”

“काय हाय ते तरी बगा.”

“सोनं असलं तरी न्हाई. त्याच्या पंगतीत मला जागा न्हाई, त माझ्या घरात त्याच्या तबकाला बी न्हाई.”

एवढ्यात पेटीच्या कोपऱ्यावरची शिवण उसवली. फटीतून एक काळपट डोकं बाहेर आलं, त्यानं किसनरावांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ते आत गेलं.

“हे तबक हाय व्हय?” किसनराव ओरडले.

दाराआड बांगड्या वाजल्या. “बाच्या विहिरीतलं कासव…” चतुराबाईंचा आवाज आला. किसनरावांनी मागं वळून पाहिलं, तसा आवाज तिथंच थांबला.

त्या भागात नवी विहीर बांधली की तिच्यात कासव सोडायची रीत होती. ते किडामुंगी, शेवाळ खातं, पाणी निवळ राहतं. आणि कासव घरच्या बाईच्या माहेरच्या विहिरीतलं असावं, म्हणजे माहेर आटत नाही तसं पाणीही आटत नाही, असं बायका म्हणत. किसनरावांनी त्याच वर्षी नवी विहीर बांधली होती. पाणी भरपूर लागलं, पण हिरवं. ही बातमी कशी तरी नरसीपर्यंत गेली असणार. रखमाजीला बहिणीच्या दारात यायची सोय नव्हती; त्यानं विचार केला की टपालाला तर कुणी अडवत नाही. हिंगोलीच्या टपालाच्या खिडकीवर ‘आत काय’ विचारल्यावर त्यानं तबक सांगितलं, कारण तबकाएवढंच गोल दुसरं काही त्याला त्या घडीला सुचलं नाही.

“इन्कार ल्हिवा,” किसनराव म्हणाले. उकंडरावांनी मांजरपाटावर उर्दूत इन्कार लिहिला, शिवण हातानं धरली आणि पार्सल परत आणलं.

इन्कार झालेलं पार्सल पाठवणाऱ्याकडं परत करायचं, हा नियम त्यांना पाठ होता. पण आता आत काय आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी फळीवरची कायद्याची किताब काढली. जानदार चीज टपालात घ्यायची नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलेलं. खाली सवलत होती: मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे नीट बांधून दिले तर चालतील. साप, सरडा, मगर वगैरे रेंगणारं, म्हणजे सरपटणारं जनावर असेल तर मुळीच नाही.

“म्हंजी जळवाला चालतं?” रामसिंगनं विचारलं. “रगत पेनारीला टपाल, आन् ह्या बिचाऱ्याला न्हाई?”

“जळू दवाखान्याला लागते.”

“आन् हे रेंगतं कुठं? हे त चालतं. बगा की.”

त्याला जमिनीवर सोडून बघण्यात आलं. कासवानं सरकारी कामाचं महत्त्व ओळखून पाय आत घेतले आणि दगडासारखं बसून राहिलं. दोघं उकिडवे बसून वाट पाहत होते. शेवटी ते हललं, पण ते चालणं की रेंगणं यावर एकमत होईना. रामसिंग म्हणे पोट वर उचललंय. उकंडराव म्हणत, शेपूट टेकलंय.

एकूण असं झालं. कासव द्यायचं तर घेणारा नाही म्हणतो. परत पाठवायचं तर थैलीत घालता येत नाही. जे टपालात यायलाच नको होतं ते टपालात आलं होतं, आणि त्याला बाहेर जायला किताबात दार नव्हतं. उकंडरावांनी वसमतला हकीकत लिहिली आणि हुकूम मागवला. तोवर कासवाला मागच्या खोलीतल्या घंगाळात पाणी घालून ठेवलं.

पहिलं उत्तर आलं: जनावर जिवंत आहे की मेलेलं, खुलासा व्हावा. उकंडरावांनी कळवलं, जिवंत आहे. दुसरं आलं: ते कोणत्या जातीत मोडतं, दात आहेत काय, टपाल नोकरास इजा केली काय? कळवलं, दात दिसत नाहीत, इजा नाही, रामसिंग हरकारा याच्या डोक्यास खाज तेवढी सुटली. मग बरेच दिवस काही नाही. लढाईच्या धामधुमीत वरच्यांना कासवापेक्षा मोठी कामं असणारच. पावसाळा आला, गेला. ज्वारी हुरड्यावर आली. घंगाळ कोपऱ्यातून केव्हा तरी बाजेजवळ आलं होतं.

सुरुवातीला उकंडराव त्याला फक्त खायला घालत. भोपळ्याची फोड, आंबाडीची पानं, अंगणातलं गांडूळ. मग एकदा भाकरी थापताना ते सहज म्हणाले, “आज पीठ जाडं निघालं.” म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. नर्मदाबाई गेल्यापासून पडद्याच्या पलीकडं कुणी बोललं नव्हतं. कासवानं मान बाहेर काढून त्यांच्याकडं पाहिलं. पीठ जाडं निघण्याबद्दल गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्याकडं असं कुणी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बांध फुटला. उकंडराव सकाळी सांगत, संध्याकाळी सांगत. आत्याच्या घरचं सांगत, मौलवीसाहेबांचं सांगत. नर्मदाबाईला हसताना तोंडावर पदर घ्यायची सवय होती, हेसुद्धा सांगितलं. हे ऐकणारं असं, की मधे बोलत नाही, उठून जात नाही, आणि स्वतःचं काही लपवायचं नसल्यामुळं पाऊसपाण्यावर येत नाही. कंटाळलंच तर मान आत घेई. तेवढा मोकळेपणा उकंडरावांना चालत होता. थैली आली की मात्र त्यांना एकच भीती. हुकूम आला असेल, कासव न्या म्हणाले असतील. थैली रिकामी करून हुकूम नाही अशी खात्री झाली, की मगच ते रामसिंगला राम राम करत.

चतुराबाई पहिल्यांदा आल्या त्या भर दुपारी, रिकामी घागर काखेत घेऊन. टपाल विहिरीच्या वाटेवर नव्हतं.

“मास्तर, हुकूम आला का हो?”

“न्हाई बाई.”

“बगू का त्याला?”

पडद्याच्या पलीकडं गावातली बाई कधी गेली नव्हती. उकंडरावांनी घंगाळच उचलून पुढच्या खोलीत आणलं. चतुराबाई खाली बसल्या. पाण्यात बोट घालून त्यांनी कासवाच्या पाठीवरून फिरवलं.

“हा टवका बगा. माझ्या घागरीनं पडलाय. दहाची बी नव्हते मी. घागर सुटली ती सरळ ह्याच्या पाठीवर. बा म्हनला, बाई, घागर फुटली तरी चाललं असतं, कासव फुटलं त दुसरं कुठून आनू?” त्या हसल्या. “खातंय का नीट?”

“खातंय. आंबाडी जास्ती.”

“व्हय, आमच्याकडं मळ्यात आंबाडीच व्हती.”

मग त्या अधूनमधून येत. कधी आंबाडी आणत. विचारत एकच, हुकूम आला का. हुकूम आला म्हणजे कासव आपल्याला मिळणार, असं त्या धरून चालल्या होत्या. उकंडराव धरून चालले होते की हुकूम येऊच नये. दोघं घंगाळाच्या दोन बाजूंना बसून एकाच कागदाची वाट पाहत होते, आणि त्यातला एक मनातून तो कागद वाटेत हरवावा म्हणून नवस बोलत होता.

कागद हरवला नाही. सुगीत आला. चांगला लांबलचक, मोहोर लावलेला. सदर जनावर टपालाच्या कोणत्याच कलमात बसत नाही. सबब ते टपालात आलेच नाही असे समजण्यात यावे. ज्याच्याजवळ आहे त्याने ते ठेवावे वा सोडावे, सरकारास त्याच्याशी वास्ता नाही. पुन्हा या बाबतीत लिहू नये.

उकंडरावांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, मग पडद्यापलीकडं जाऊन कासवालाही वाचून दाखवला. इतकं सुरेख उर्दू त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी गूळ घालून शेवया केल्या. उन्हात बसवायला म्हणून कासवासाठी परसात दगडाचं एक लहानसं टाकं बांधायचं, असंही ठरवून टाकलं.

चार-दोन दिवसांनी चतुराबाई आल्या. उकंडरावांनी हुकमाचा मतलब सांगितला. सांगताना त्यांची नजर तराजूवर होती.

“म्हंजी सरकार म्हनतं तुमी ठिवा?”

“तसंच म्हनतं.”

चतुराबाईंनी घंगाळातलं पाणी बोटानं ढवळलं. मग म्हणाल्या, “मास्तर, पार्सलावर नाव कुनाचं व्हतं?”

“तुमचं.”

“त न्हाई कोन म्हनलं?”

“किसनराव म्हनले.”

“मग मला काहून इचारलं न्हाई?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाईच्या नावाचं टपाल आलं तर ते घरच्या पुरुषाच्या हातात द्यायचं, ही गावाची वहिवाट. उकंडरावांनी आजवर शेकडो पत्रं तशीच दिली होती. ‘चतुराबाई’ लिहिलं असलं तरी ते ‘किसनराव’ असंच वाचायची डोळ्यांना सवय झाली होती. चतुराबाई उठल्या, आणलेली आंबाडीची जुडी घंगाळाशेजारी ठेवली आणि निघून गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

उकंडरावांनी किताब काढली. काढायची गरज नव्हती, त्यातलं वाक्य त्यांना पाठ होतं: ज्याचं नाव, त्याच्या हातात. इन्कारही त्याचाच. मग किसनरावांचा इन्कार हा इन्कारच नव्हता. चूक कासवाची नव्हती, रखमाजीची तर थोडकीच. चूक शिक्का मारणाऱ्याची होती. पण हुकूम तर आलेला! सरकार स्वतः म्हणतं ठेव. मोहोर आहे, सही आहे. कुणी विचारलं तर कागद दाखवता येईल. उकंडराव हे सगळं कासवाला समजावून सांगू लागले. कासव ऐकत राहिलं. पहिल्यांदाच त्यांना वाटलं, हे मधे काही बोललं असतं तर बरं झालं असतं.

टाक्यासाठी आणलेले दगड परसात पडून राहिले. भाकरी थापताना बोलणं कमी झालं. घरात एवढी सोबत असून पुन्हा करमेना, याचा उकंडरावांना राग येई, आणि राग काढायलाही समोर कासवच होतं.

शेवटी एका सकाळी रामसिंग आला तेव्हा उकंडराव सरकारी कोट घालून, पागोटं बांधून तयार बसले होते. घंगाळ पुढच्या खोलीत होतं.

“आज सण हाय का मास्तर?”

“पार्सल पोचवायचं हाय. एवढं पान्यासहित मला न्हाई उचलायचं. पाय वाकडा पडतो.”

रामसिंगनं घंगाळाकडं पाहिलं, मग उकंडरावांकडं. काही तरी चेष्टा त्याच्या तोंडाशी आली होती, ती त्यानं गिळली. “चला,” म्हणाला आणि घंगाळ डोक्यावर घेतलं. त्याची थैली त्या दिवशी पहिल्यांदा मेजावर वाट पाहत पडली.

किसनराव नव्या विहिरीवर मोट हाकत होते. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी चतुराबाई घागर भरत होत्या. घुंगरांचा आवाज ऐकून दोघांनीही वर पाहिलं.

“चतुराबाई किसनराव यांचं पार्सल,” उकंडराव मोठ्यानं म्हणाले. इतक्या मोठ्यानं ते आयुष्यात बोलले नव्हते.

“मास्तर, मी न्हाई म्हनलं व्हतं ना?” किसनरावांनी बैल थांबवले.

“तुमी म्हनले. पन तुमच्या नावाचं न्हाई. मी नाव सोडून घराला इचारलं, ती माझी चूक. ज्याचं नाव त्यानंच न्हाई म्हनायचं, असा कायदा हाय.”

“कुनाचा कायदा?”

“निजाम सरकारचा.”

 किसनरावांनी बैलांच्या पाठीवर हात फिरवला, विहिरीत डोकावून हिरव्या पाण्याकडं पाहिलं. दुसऱ्या पंगतीचा राग धरून त्यांना बरीच वर्षं झाली होती. राग धरायला सोपा, पण खाली ठेवायचा कुठं? लोकांसमोर तर ठेवता येत नाही.

“सरकारचाच कायदा असला त माझं काय चालतं?” ते म्हणाले. आवाजात सुटका झाल्यासारखं काही तरी होतं. “सरकारपुडं आपुन कोन?”

उकंडराव चतुराबाईंकडं वळले. “घेता का बाई?”

“घेते.”

घंगाळ थारोळ्यावर ठेवलं. उकंडरावांनी शाईची पुडी काढली, चतुराबाईंचा अंगठा घेतला. कासवाला कळशीत घालून दोरानं खाली सोडायचं ठरलं. किसनराव पुढं होऊन म्हणाले, “हळू. कडंला लागंल. माझ्याकडं द्या दोर.” आणि तेच सोडू लागले. कळशी पाण्याला टेकली. कासव बाहेर आलं, क्षणभर तरंगलं, आणि पाण्याखाली गेलं. वर कुणाकडंही त्यानं पाहिलं नाही. उकंडराव कठड्याला धरून बराच वेळ वाकून उभे होते. आपण रोज जेवढं बोललो त्यातलं काही ह्याच्याबरोबर खाली गेलं असेल का, असं त्यांना उगीच वाटून गेलं. रामसिंगनं त्यांच्या कोटाला मागून धरून ठेवलं होतं.

“मास्तर,” चतुराबाई म्हणाल्या, “दादाला एक कारड ल्हिवाल का? पोचलं म्हनून.”

उकंडरावांनी किसनरावांकडं पाहिलं. किसनराव बैलांशी बोलत होते. “ल्हिवा,” ते बैलांना म्हणाले. “माझं नाव नका घालू.”

कार्ड छोटं होतं. कासव पोचलं, खुशाल आहे. पाणी निवळायला लागलं की कळवीन. वहिनीला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. उकंडरावांनी लिहून झाल्यावर लेखणी टेकवली, तेव्हा चतुराबाई म्हणाल्या, “आन् तुमचा नमस्कार.”

“माझा?”

“ल्हिवनारा नमस्कार घालत न्हाई व्हय? इतके दिस सांबाळलं तुमी.”

लिहिणाऱ्यानं शेवटी आपला नमस्कार घालायची पद्धत सगळीकडं होती. पण सरकारी माणसाला तसं कुणी सुचवलं नव्हतं आणि त्यांनी आपणहून घातला नव्हता. हजारो पत्रं त्यांच्या हातून गेली; एकातही ते नव्हते. त्यांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, लिहिणार उकंडराव याचा नमस्कार.

पुढचे दिवस वाईट गेले. घंगाळात आता अंघोळीचं पाणी होतं. पडद्याच्या पलीकडं उकंडराव भाकरी थापत, पीठ जाडं निघे, बारीक निघे, कुणाला त्याचं काही नव्हतं. मेंढरं येऊन गेली. “उकंड्या, बरा हाईस का?” अशी हाक आली. ह्या खेपेला उत्तर द्यायला ते दारापर्यंत गेलेच नाहीत.

सुगी संपून उन्हं तापायला लागली तेव्हा नरसीहून उत्तर आलं. उकंडराव ते घेऊन गेले आणि पत्त्यावरचं नाव पाहून चतुराबाईंच्याच हातात दिलं. त्यांनी ते अर्थातच परत वाचायला दिलं. किसनराव ओट्यावर पाठ करून सुतळी वळत होते, म्हणजे ऐकत होते.

रखमाजीनं सगळं सविस्तर लिहिलं होतं. म्हैस व्यायली. थोरल्याला मुलगा झाला. कासव पाण्यावर येतं का ते लिहा, त्याला दुपारी वर यायची सवय आहे. दाजींना राग नसावा. त्या दिवशी वाढप्याची चूक झाली, दाजींचं पान पहिल्या पंगतीतच मांडलं होतं. उकंडरावांनी हे वाक्य सावकाश वाचलं. सुतळी वळायची थांबली होती. मग त्यांनी शेवटची ओळ पाहिली आणि ते कार्ड परत देऊ लागले.

“संपलं?” चतुराबाईंनी विचारलं.

“संपलंच. बाकी नमस्कार-बिमस्कार हाय.”

“कुनाला?” किसनराव तिकडूनच म्हणाले.

उकंडराव कार्डाची कड चाचपत राहिले. “मला हाय.”

“मग मोठ्यानं वाचा की मास्तर,” किसनराव म्हणाले, आणि ओट्यावरची सुतळी बाजूला सारून त्यांनी बसायला जागा केली. “तोंडातल्या तोंडात काहून वाचून राहिले? बसा अन् वाचा.”